मधल्या खुर्चीवर कोण?

आमच्या आत्याच्या घरी, बाहेरच्या खोलीत, देवघराच्या दारावर एक फोटो टांगलेला आहे. मला कळायला लागलं तेव्हापासून तो तिथेच आहे. तीनेक पायऱ्या, मागे खांब असलेला ओटा, आणि त्यावर चार रांगांत एकतीस माणसं. सतरंजीवर मांडी घालून बसलेली मुलं, मग खुर्च्यांवरची वजनदार मंडळी, मागे उभे असलेले पुरुष, आणि अगदी उजव्या कडेला, जागा उरली म्हणून उभ्या केल्यासारख्या तीन बायका.

या फोटोची गोष्ट आम्हां सगळ्या भावंडांना पाढ्यासारखी पाठ होती. मधल्या खुर्चीवर पागोटं घातलेले गांधीजी. १९१८ साली हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ते इंदूरला आले होते, तेव्हाचे. आणि मागच्या रांगेत डावीकडून तिसरे, काळा कोट आणि बारीक मिशा असलेले, ते आपले पणजोबा. त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर पणजोबा मानमोडीच्या साथीत गेले. आज आपण जिला स्पॅनिश फ्लू म्हणतो तीच ही साथ. आमचे आजोबा तेव्हा तीन वर्षांचे. पणजोबांचा दुसरा फोटो नाही. म्हणून दर सर्वपित्री अमावास्येला आत्या स्टुलावर चढून या फोटोला हार घालते. हार एवढ्या मोठ्या फोटोला असला तरी त्याचा मधला भाग ती बरोबर डावीकडून तिसऱ्या माणसाखाली आणते.

आता आत्याचं वय चौऱ्याऐंशी. तिने लग्न केलं नाही, पोस्टात नोकरी केली आणि घर सांभाळलं. स्टुलावर चढू नकोस म्हटलं तर ऐकत नाही.

मागच्या वर्षी आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात जुन्या फोटोंचं प्रदर्शन ठरलं. प्रत्येक घरातून एक फोटो मागवायचा, स्कॅन करून मोठा छापायचा, खाली चार ओळी. काम माझ्याकडे आलं, कारण मीटिंगमध्ये मी जांभई देत होते आणि कोणीतरी म्हणालं, "हिला द्या." साहजिकच दारातच लावायचा फोटो ठरला तो आत्याचा. मजकूरही तयार होता: गांधीजी इंदुरात, १९१८. फ्लेक्सवाल्याला माप देऊन झालं होतं. राहिलं होतं फक्त स्कॅन.

मी गेले तेव्हा आत्या दारातच उभी. "काय करून राहिलीस तू? भिंतीचे पोपडे धरून आहे तो फोटो. काढशील तर भिंतही खाली येईल."

भिंत आली नाही. फोटो आला. फ्रेमच्या मागे पातळ फळी, ती बारीक चुकांनी ठोकलेली. चुका काढल्यावर आत वर्तमानपत्राची घडी निघाली. तारीख १९५२ ची. जुने फोटो उघडणाऱ्याला पहिली हुलकावणी इथेच मिळते. फ्रेममधल्या कागदाची तारीख ही फ्रेम करणाराच्या दुकानातल्या रद्दीची असते, फोटोची नव्हे. पण ती फुकट जात नाही. म्हणजे १९५२ च्या सुमाराला कोणीतरी मुद्दाम पैसे खर्चून हा फोटो नव्या चौकटीत बसवला. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

फोटो जाड करड्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला होता. आकार मोजला: साडेसहा बाय साडेआठ इंच. जुन्या छायाचित्रकारांच्या भाषेत ही फुल प्लेट. काचेची तेवढीच मोठी निगेटिव्ह कागदावर थेट ठेवून छापलेला फोटो, मोठा केलेला नाही. म्हणून त्यात तपशील अफाट असतो. आजोबांच्या आल्बममधले सत्तर सालचे चिमुकले फोटो मोठे केले की लापशी होते, आणि हा शंभर वर्षांचा म्हातारा बाराशे डीपीआयवर स्कॅन केला तर कोटाच्या गुंड्या मोजता येतात. कडांना चांदीसारखी निळसर झाक चढली होती. तिला घाबरून ती पुसायला जाऊ नका. फोटोतली चांदीच ती, वर्षानुवर्षांनी पृष्ठभागावर आलेली.

खालचा उजवा कोपरा तुटलेला. नेमका तिथेच बहुतेक स्टुडिओचा ठसा असणार. हे नशीब. इंदुरात फोटोचं वेड खूप जुनं आहे. ज्यांना पुढे निजामाने राजा मुसव्विर जंग असा किताब दिला ते लाला दीनदयाळ आपल्याच गावात बांधकाम खात्यात नोकरीला होते आणि १८७० च्या दशकात इथेच त्यांच्या हातात कॅमेरा आला. मग ते हैदराबादला गेले, सिकंदराबादेत त्यांचा स्टुडिओ निघाला आणि पुढे हैदराबादेत पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळा जनानी स्टुडिओसुद्धा, जिथे फोटो काढणारी बाईच असे. त्यांच्या फोटोंवर खाली बारीक अक्षरात नंबर आणि शीर्षक असतं, कारण ते निगेटिव्हवरच लिहिलेलं असायचं. तुमच्या घरात असा नंबर असलेला फोटो असेल तर चौकट करताना तो नंबर कापू देऊ नका. आमच्या फोटोवर नंबर नव्हता आणि ठशाचा कोपरा उंदराने किंवा काळाने नेला होता.

घरी आणून स्क्रीनवर तो मोठा केला आणि पहिल्या दहा मिनिटांतच माझ्या पोटात गोळा आला.

मागच्या रांगेत उजवीकडच्या दोघांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या होत्या. पुढे आणि मागे टोक असलेल्या, मध्ये चुणी असलेल्या. गांधी टोप्या. बाकी सगळं जुनं होतं. होळकरी पगड्या, काळ्या गोल टोप्या, एक पुणेरी चक्री पगडी. पण या दोन टोप्या पाहून मी थांबले. गांधी टोपी लोकांच्या डोक्यावर आली ती १९१९-२० नंतर, असहकाराच्या दिवसांत. आणि गांधीजी स्वतः काठियावाडी पागोटं आणि लांब अंगरखा घालत ते त्याच्या आधी. १९२१ च्या सप्टेंबरात मदुराईला त्यांनी पंचा नेसला तो कायमचा. म्हणजे गंमत बघा: ज्या फोटोत इतरांच्या डोक्यावर गांधी टोपी आहे, त्या फोटोत गांधीजींच्या डोक्यावर पागोटं असणं जवळजवळ अशक्य. एकट्या टोपीवर निकाल देऊ नये हे मलाही कळत होतं. पांढरी टोपी काय, कोणीही शिवून घालेल. मग मी हात बघायला लागले. फोटोत चेहरे सगळे बघतात, हात कोणी बघत नाही. खुर्चीवरच्या एका तरुण गृहस्थाच्या डाव्या मनगटावर चामड्याच्या पट्ट्याचं घड्याळ होतं. मनगटी घड्याळ पुरुषांच्या हातावर सर्रास दिसायला लागलं पहिल्या महायुद्धानंतर. त्याआधी घड्याळ खिशात आणि साखळी बाहेर.

मधल्या खुर्चीवरच्या माणसाचे कान मी गांधीजींच्या त्या काळातल्या फोटोंशी ताडून पाहिले. वजन बदलतं, मिशा येतात-जातात, कानाची घडण बदलत नाही. या गृहस्थांचे कान छोटे, डोक्याला चिकटलेले. गांधीजींचे कान कसे होते हे नोटेवरही दिसतं.

आता गांधीजी नाहीत तर हे आहे काय? मंडळातल्या एका काकांनी लगेच दुसरी वाट दाखवली. "अगं, मग मराठी संमेलन असेल." हे अगदीच चुकीचं नव्हतं. इंदुरात मराठी साहित्य संमेलन १९१७ साली झालं, गणेश जनार्दन आगाशे अध्यक्ष होते. लगेच पुढच्या वर्षी मार्चअखेर हिंदी संमेलन, अध्यक्ष गांधीजी. मग १९३५ साली पुन्हा दोन्ही इथेच: हिंदीला पुन्हा गांधीजी आणि मराठीला औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी. अठरा वर्षांत एका शहरात चार संमेलनं! घराघरांतल्या आठवणींचा गुंता न झाला तरच नवल. आणि हा गुंता एकट्या इंदूरचा नाही. १९२८ ला ग्वाल्हेर, १९२९ ला बेळगाव, १९३० ला मडगाव, १९३१ ला हैदराबाद अशी सलग चार वर्षं मराठी संमेलनं महाराष्ट्राबाहेरच्या आपल्याच गावांत भरली. बडोद्याला तर १९०९, १९२१ आणि १९३४ अशी तीनदा. या गावांतल्या जुन्या घरांत खुर्च्या मांडून काढलेला ग्रुप फोटो सापडला की घरातले म्हणतात, "संमेलनाचा आहे." कधी असतोही. पण खुर्च्या मांडून फोटो त्या काळात कशाचेही काढत. बदलीचे, निरोपाचे, नाटक मंडळीचे, मुंजीचे.

संमेलनाची शंका एका साध्या गोष्टीने फिटली. एवढी मोठी सभा आणि फोटोत एकही फलक नाही, बिल्ला नाही, मांडव नाही. उलट पायऱ्यांच्या कडेला एक घंटा टांगलेली. लोखंडी पट्टीची, ठोका देऊन वाजवायची. शाळेची घंटा.

हे सगळं चालू असताना माझ्या चुलतभावाच्या मुलीने बंगळुरूहून एक रंगीत फोटो पाठवला. तिने आमचं स्कॅन कुठल्याशा ॲपमध्ये घालून रंगवलं होतं. घरच्या ग्रुपवर नुसता जल्लोष. कोणाचे फेटे गुलाबी, सतरंजी निळी, सगळ्यांची कातडी एकाच रंगाची. चेहरेही एकदम स्वच्छ, कालच काढल्यासारखे. उजव्या कडेच्या तिन्ही बायकांना ॲपने हिरवी लुगडी नेसवली होती आणि तिघींच्या कपाळावर छान लाल कुंकू. मी तेव्हा पाहिलं आणि पुढे गेले. तरुण वाचकांना इथे एक सांगून ठेवते. ही ॲपं फोटोतलं दाखवत नाहीत. फोटोत काय असावं याचा अंदाज रंगवून देतात. व्हॉट्सॲपला ठीक. पुरावा म्हणून मूळ स्कॅनच बघायचं, आणि ते हात न लावता जपून ठेवायचं.

पुठ्ठ्याच्या मागे तपकिरी कागद चिकटवला होता. तो एका कडेला सुटला होता आणि आत शाईची रेघ दिसत होती. ओढायचा मोह फार झाला. ओढला असता तर अक्षरं कागदाबरोबर आली असती. शहरातल्या एका जुन्या बाईंडरकडे नेला. त्याने चार दिवस ठेवून, ओलाव्याची वाफ देत देत, तो कागद सोडवला. खाली आठ ओळी होत्या. सलग एक शिरोरेषा, तिला लोंबकळणारी अक्षरं, शब्दांत अंतर नाही. मोडी.

आमच्या घरात मोडी कोणालाच येत नाही. आत्याला नावापुरती. मंडळातल्या काकांना थोडी येते, त्यांनी भिंग लावून पहिली ओळ सोडवली: निरोपसमारंभ. मग पुण्याला एका मोडी वाचणाऱ्या बाईंना फोटो पाठवला. दोघांनी वेगवेगळं वाचावं आणि मग ताडून पाहावं असं ठरवलं, आणि ते बरं झालं. कारण दोघांचं सगळं जुळलं, एक आकडा सोडून. काका म्हणाले, वैशाख वद्य ५, शके १८३९. पुण्याच्या बाई म्हणाल्या, शके १८४९. तिसऱ्या आकड्यावर कसरीने भोक पाडलं होतं. उरला होता फक्त खालचा बाक.

शक असेल तर ७८ मिळवायचे. म्हणजे वाद होता १९१७ की १९२७ हा. (जाता जाता: आपल्यापैकी ज्यांच्या घरात असे मजकूर आहेत त्यांनी आधी कोणता सन आहे ते पाहावं. विक्रम संवत असेल तर ५७ वजा, पण बडोद्याकडे गुजराती संवत कार्तिकात बदलतो, तेव्हा तिकडची वजाबाकी जपून. हैदराबादच्या कागदांवर फसली असतो, त्यात ५९० मिळवायचे. आणि आमच्या माळव्यात आणखी एक मेख. आजूबाजूचे लोक पौर्णिमेला महिना संपवतात, आपण अमावास्येला. त्यामुळे आपला वैशाख वद्य म्हणजे त्यांचा ज्येष्ठ कृष्ण. 'वद्य' हा शब्द दिसला म्हणजे लिहिणारा मराठी, आणि तारीख मे महिन्यातली. शेजारच्या पंचांगाने मोजलं असतं तर एप्रिल आला असता.)

गांधीजींचा निकाल आता दोन्हीकडून लागत होता. काका तरी हार मानेनात. "निरोपाला आले असतील की, सहज!" म्हणून मी दोन्ही वर्षं तपासली. १९१७ च्या मे महिन्यात गांधीजी बिहारात, चंपारणच्या चौकशीत गुंतलेले. १९२७ च्या मे महिन्यात ते आजारी होते, म्हैसूर संस्थानात नंदी टेकडीवर विश्रांतीला. इंदूरच्या शाळेतल्या निरोपसमारंभाला ते कुठल्याच वर्षी आलेले नाहीत. मधल्या खुर्चीवर बसले होते ते निवृत्त होणारे मुख्याध्यापक. पुढच्या ओळीत त्यांचं नाव होतं, आधी 'रा. रा.' लावून.

खरं सांगू, गांधीजी गेले त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. इंदुरात गांधीजी आलेच होते, आमच्या भिंतीवर नव्हते इतकंच. पण तो कसरीने खाल्लेला आकडा माझा जीव खात होता. १९१७ असेल तर पणजोबा हयात. मग डावीकडून तिसरे ते असू शकतात. १९२७ असेल तर पणजोबांना जाऊन नऊ वर्षं झालेली, आणि आत्या साठ-पासष्ट वर्षं हार घालते आहे तो कोणा परक्या माणसाला.

रांगांप्रमाणे नावं होती. डावीकडून तिसरं नाव वाचलं. ते आमचं आडनाव नव्हतं. पुढे लिहिलं होतं 'ड्रॉइंग मास्तर'. काका म्हणाले, रांग उजवीकडून मोजली असेल. मोजून पाहिली. तिथेही नव्हतं. पुरुषांच्या कुठल्याच ओळीत आमचं आडनाव नव्हतं.

ते होतं शेवटच्या ओळीत. बायकांच्या.

तीन नावं. पहिल्या दोघींच्या आधी 'सौ.'. तिसरीच्या आधी 'गं. भा.', मग पणजीचं नाव, पणजोबांचं नाव, आडनाव, आणि पुढे एकच शब्द: 'शिक्षकीण'.

ज्या तरुण वाचकांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, गं. भा. म्हणजे गंगा भागीरथी. विधवेच्या नावाआधी लिहायची रीत होती. पणजोबा जिवंत असते तर पणजी 'सौ.' असती. म्हणजे हा मजकूर १९१८ च्या दिवाळीनंतरचा. म्हणजे शके १८४९. म्हणजे १९२७. पुण्याच्या बाईंनी फोनवर सांगितलं, "आकडा तुमच्या पणजीनेच भरला बघा."

तरी मी पुन्हा स्कॅन उघडलं. उजव्या कडेच्या तिघी. जुन्या काचेच्या प्लेटला लाल रंग दिसतच नसे. तिच्यावर लाल म्हणजे काळा. म्हणून त्या काळच्या फोटोंत कुंकू हे कपाळावर काळ्या ठिपक्यासारखं दिसतं, आपल्याला ते तीट वाटते. पहिल्या दोघींच्या कपाळावर तो ठिपका स्पष्ट होता. तिसरीच्या डोक्यावरून पदर घेतलेला, आणि पदराखालचं कपाळ कोरं. ॲपने तिथेही कुंकू लावून टाकलं होतं.

हा चेहरा मी चाळीस वर्षं पाहिला होता आणि कधीच पाहिला नव्हता. उंच, हडकुळी बाई. ओठ मिटलेले. उजव्या हातात काहीतरी धरलेलं, ते मोठं करून पाहिलं तर पातळ वही किंवा हजेरीपट.

आमच्या घरात पणजीची गोष्ट वेगळीच सांगितली जायची. नवरा गेल्यावर तिने चार घरी पोळ्या लाटून मुलाला वाढवलं, असं. त्यात खोटं असेलच असं नाही, पहिली वर्षं तसंही केलं असेल. पण शाळेत शिकवलं हे कोणी कधी बोललं नाही. का बोललं नाही याचे तर्क मी बरेच केले. आजोबांना लाज वाटत होती का? की कष्टाळू विधवा आई ही गोष्ट सांगायला सोपी, आणि पगार घेणारी, पुरुषांच्या शेजारी फोटोला उभी राहणारी आई ही अवघड? आजोबांना विचारता येत नाही. ते आम्ही लहान असतानाच गेले.

आत्याला सांगायचं कसं हा प्रश्न होता. भावाचं म्हणणं, सांगूच नको. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईकडून तिच्या आजोबांचा चेहरा काढून घेऊन तुला काय मिळणार? प्रदर्शनात दुसरा फोटो लाव. मला हे पटत होतं. दोन दिवस मी फ्लेक्सवाल्याला थांबवून ठेवलं आणि कोणाशीच बोलले नाही. पण फोटो परत द्यायला जायचंच होतं, आणि आत्या काय झालं ते विचारणारच होती. पोस्टात चाळीस वर्षं काढलेल्या बाईला अर्धवट पत्ता चालत नाही.

मी फोटो तिच्या मांडीवर ठेवला आणि मोडीतला मजकूर वाचून दाखवला. सगळा, पहिल्या ओळीपासून. ती मध्ये बोलली नाही. शेवटच्या ओळीनंतर तिने चष्मा पुसला, फोटो खिडकीकडे नेला आणि उजव्या कडेवर बोट ठेवलं.

"ही होय? मला वाटायचं ही मुख्याध्यापकांच्या घरातली कोणी."

मग बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "आजी माझ्या पेन्सिलींना चाकूने टोक करायची. एवढं बारीक, लांब टोक कोणाला जमायचं नाही. आम्ही म्हणायचो, आजीला कसं गं येतं? ती म्हणायची, येतं." पुन्हा थांबली. "दसऱ्याला ती हा फोटो उतरवायची. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नव्हती. मी बारा वर्षांची असेन, तेव्हा काच फुटली, तर तिने बाबांकडे पैसे मागितले नाहीत. स्वतःच्या डब्यातले काढले आणि नवी चौकट करून आणली." आत्या १९४० ची. बारा मिळवले. मला त्या वर्तमानपत्राच्या घडीची आठवण झाली.

मी विचारलं, "पण मग तिने कधी सांगितलं नाही, हे तुझे आजोबा नव्हेत म्हणून?"

आत्याने विचार केला. "हे तुझे आजोबा, असंही ती कधी म्हणाली नाही. ते बाबा म्हणायचे. मग आम्ही म्हणायला लागलो. ती तिथेच बसलेली असायची, निवडत काहीतरी."

प्रदर्शनात फोटो दारात लागला नाही. दारात लावायला राजवाड्याचा एक सुरेख फोटो मिळाला, १९८४ ला वरचे लाकडी मजले जळाले त्याच्या कितीतरी आधीचा, आणि लोक त्याच्यापुढेच सेल्फी घेत होते. आमचा फोटो आत, पाण्याच्या टाकीजवळच्या भिंतीवर होता. खाली मजकूर: इंदूरच्या एका कन्याशाळेतील निरोपसमारंभ, मे १९२७. मग रांगेप्रमाणे सगळी नावं. मधल्या मुलांची नावं पुठ्ठ्यावर नाहीत, तिथे नुसतंच 'मुले' आहे. सतरंजीवर डाव्या टोकाला बसलेला, कान पुढे आलेला बारा-एक वर्षांचा मुलगा आजोबा असतील असं माझ्या भावाला वाटतं. असतीलही. मी ते मजकुरात घातलं नाही. एक चूक काढायला शंभर वर्षं लागली, दुसरी आपल्या हाताने कशाला घाला?

तीन दिवसांत तिघांनी आपापली माणसं ओळखली. एका आजींनी पुढच्या रांगेतल्या घड्याळवाल्या तरुणाचं नाव वाचलं आणि म्हणाल्या, हे माझे सासरे, यांना पुढे पार टक्कल पडलं होतं. त्यांच्या नातवाने तिथल्या तिथे घरच्या फोटोशी कान ताडून पाहिले. मी त्याला शिकवलं होतं. एका कुटुंबाला त्यांच्याकडच्या फोटोतला ओटा आणि घंटा ओळखू आली, त्यांचा फोटो तीन-चार वर्षं नंतरचा असावा, त्यात दोन पुरुष आणि पाच बायका आहेत. उंच बाई त्यातही आहे. या वेळी खुर्चीवर.

ड्रॉइंग मास्तरांना मात्र कोणी ओळखलं नाही. त्यांच्या आडनावाची दोन घरं गावात आहेत, दोन्हीकडे विचारलं. आमच्यात ड्रॉइंग मास्तर कोणी नव्हतं, म्हणाले.

गणपती गेले आणि पितृपक्ष लागला. सर्वपित्रीला सकाळी मी आत्याकडे गेले, निदान या वर्षी तरी स्टूल मी धरीन म्हणून. ती आधीच वर चढलेली. हार घातलेला. मी पाहिलं तर हाराचा मधला भाग उजवीकडे सरकवलेला होता, तिसऱ्या बाईखाली. आणि डावीकडून तिसऱ्या माणसाच्या समोर, काचेच्या आणि चौकटीच्या फटीत, एक सुटं झेंडूचं फूल खोचलेलं.

"आत्या, ते ड्रॉइंग मास्तर आहेत."

"ठाऊक आहे," ती खाली उतरत म्हणाली. "इतकी वर्षं जेवला आपल्याकडे. त्याचं कोण करत असेल, कोण जाणे. धर स्टूल."